कापडाच्या खोलीतली खुर्ची

धुरपदाबाईला उभ्या जन्मात एकच गोष्ट हवी होती, आणि ती देवाकडे मागावी एवढी मोठीही नव्हती. तिला खुर्चीत बसायचं होतं. लग्नाच्या मांडवात पाहुणी म्हणून बसतात तसं नव्हे. सकाळी जाऊन बसायचं, संध्याकाळी उठायचं, आणि मधल्या वेळात हातांनी काहीएक करायचं नाही. हात नुसते मांडीवर ठेवायचे. ज्यांनी जन्मभर खुर्चीतच बसून पगार खाल्ला, त्यांना यात मागण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. त्यांनी सुरतेतल्या गोडादऱ्याच्या पत्र्याच्या खोलीत जमिनीवर बसून, मान खाली घालून, वर्षानुवर्षं साड्यांचे दोरे कापून बघावेत. मग बोलावं.

हे दोरे कापायचं काम सुरतेबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. मागावर साडीत फुलं विणतात, तेव्हा एका फुलाकडून दुसऱ्या फुलाकडे जाणारा दोरा साडीच्या मागच्या बाजूनं सैल लोंबत जातो. साडी मागावरून उतरली की उलट्या बाजूला नुसतं जंजाळ असतं. मग व्यापाऱ्याचा माणूस सायकलला गठ्ठा बांधून गल्लीत येतो, आणि घरोघरच्या बायका साडी उलटी पसरून लहानशा कटरनं फुलाच्या कडेकडेनं ते दोरे कापून काढतात. दोरा राहिला तर साडी परत. कटर घसरून भोक पडलं तर साडी आपल्याच गळ्यात. नेसणारीला यातलं काही दिसत नाही. तिला फूल दिसतं. उलटी बाजू अंगाला लागते, आणि ती टोचली नाही म्हणजे कुणीतरी ती साफ केली असेल, असा विचार आजवर कुणाच्या मनात आल्याचं ऐकिवात नाही.

तिचा नवरा निंबा लिंबायतच्या एका खात्यात होता. मागांच्या शेडला सुरतेत खातं म्हणतात. दुष्काळाच्या वर्षी पारोळ्याकडची जमीन सोडून दोघं आली, तेव्हापासून निंबा मागांच्या रांगेत उभा होता तो उभाच. विणकराला बसता येत नाही. एका माणसाकडे अनेक माग, या मागाचा दोरा तुटला की इकडे, त्या मागाची कांडी संपली की तिकडे. पायांच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या. मागांच्या खडखडाटात कान निम्मे गेले होते, त्यामुळे बायकोच्या कानात काही सांगायचं झालं तरी ते चार घरांपलीकडे ऐकू जायचं. त्या घरात एक माणूस जन्मभर उभा आणि एक जन्मभर वाकलेलं. मुलगी योगिता तेवढी नंदुरबारला दिली होती, आणि तिच्या सासरी म्हणे सोफा होता.

वाकण्याचं एक वेळ सोसेल, पण धुरपदाबाईच्या हातांना जी खोड लागली ती काही सुटेना. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईच्या पाठीवर दोरा लोंबताना दिसला की हिचा हात आपोआप पुढे जायचा. योगिताच्या लग्नात तर कमालच झाली. विहिणबाई नवा शालू नेसून ऐटीत उभ्या, आणि ही मागे बसून कटरनं त्यांच्या पदराची उलटी बाजू साफ करतेय. विहिणीला वाटलं, मुलगी द्यायच्या आधीच विहीण पदर कापायला बसली. मोठ्या मिनतवारीनं समजूत पटली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही उगीच नाही. कटर तिच्या कमरेच्या पिशवीत कायमचा. दुसऱ्या बायकांकडे तिथं तंबाखू असते.

प्लेगच्या वर्षी सारी गल्ली जिवाच्या भीतीनं गावाकडे पळाली. परत आली तेव्हा व्यापाऱ्यानं आपले गठ्ठे दुसऱ्या वस्तीत टाकायला सुरुवात केली होती. काही महिने धुरपदाबाई हातावर हात ठेवून बसली, पण ते सुखाचं बसणं नव्हतं. त्याच सुमाराला सुरतेला साफसफाईचं वारं लागलं. रस्ते धुतले जाऊ लागले, उकिरडे उठले, आणि जुन्या गावात तापीच्या अंगाला असलेल्या फिरंगी कोठीकडेही कुणाचं तरी लक्ष गेलं. शेजारच्या मंदानं तिला तिथं मजुरीला नेलं.

कोठी म्हणजे दोन इमारती आणि मध्ये चौक. एक फिरंग्यांची जुनी वखार, भिंती अशा जाड की आत उन्हाळा शिरायचा नाही. दुसरी कुण्या सावकाराची हवेली, लाकडी कोरीव खांबांची. मधल्या काळात तिथं कांदे साठवले गेले, मोडकी टेबलं साठवली गेली, वटवाघळं तर आपल्या हक्कानं राहत होती. आता एका ट्रस्टनं दोन्ही इमारती घेतल्या होत्या आणि त्या दुरुस्त करून तिथं म्युझियम होणार होतं. चित्रं, लाकडाच्या मूर्ती, जुनी कापडं. मंदा त्याला मुझम म्हणायची आणि सगळ्यांचं त्यावाचून काही अडलं नाही.

कामावर देखरेख ठाकोरभाईची. अस्सल सुरती माणूस, शिवीशिवाय तोंड उघडायचा नाही. भिंतीला हात लावण्याआधी भिंतीलाही दोन हासडायचा. धुरपदाबाई मराठी म्हटल्यावर त्याला रोजचा विनोद मिळाला. तुमचे लोक घोड्यावरून आले आणि आमची सुरत लुटून गेले, आता ती परत बांधून द्या, असं तो रोज सकाळी म्हणायचा आणि रोज स्वतःच हसायचा. धुरपदाबाई चुन्याचं घमेलं डोक्यावर घेऊन मुकाट्यानं पुढे जायची. चुना कसला, पक्वान्नच ते. त्यात गूळ पडायचा, मेथीचं पाणी पडायचं, उडीद वाटून पडायचे. घरी चहाला गूळ जपून घालायचा आणि इथं भिंतीला पाटीनं चारायचा, याचं तिला आधी हसू यायचं. पुढे पुढे हसण्याचाही कंटाळा आला.

भिंती झाल्या तशी मजूर माणसं कमी झाली. धुरपदाबाईला आत झाडायला ठेवलं, ते कुमुदबेनमुळे. कुमुदबेन बडोद्याच्या. कापडांचं सगळं त्यांच्याकडे. जुनी कापडं कुठून कुठून यायची आणि त्या ती तान्ह्या पोरासारखी उचलायच्या. साठीला टेकलेल्या, गुडघे दुखायचे, दम लागायचा, चहा समोर थंड व्हायचा आणि त्या तो तसाच प्यायच्या. धुरपदाबाईला त्या बाईचं एक बरं वाटलं, की दमलेपण लपवायच्या नाहीत. जिन्यात मध्येच बसायच्या. मग ही पण एक पायरी सोडून बसायची.

अशाच एकदा बसल्या असताना कुमुदबेननी विचारलं, आधी काय काम करत होतात. धुरपदाबाईनं साडीचं काम म्हणून सांगितलं. फोड करून सांगायला दम नव्हता आणि कुमुदबेननीही पुढे विचारलं नाही. त्यांनी तिचे हात बघितले, स्वच्छ होते, हलके होते. मग म्हणाल्या, म्युझियम सुरू झालं की वरच्या कापडाच्या खोलीत एक बाई बसवायची आहे. खुर्ची देऊ. लोक येतील, बघतील, जातील. कुणी कापडाला हात लावला तर नको म्हणायचं. बाकी काही काम नाही.

“बाकी काहीच नाही?” धुरपदाबाईनं परत विचारलं.

बाकी काही नाही, कुमुदबेन म्हणाल्या.

त्या रात्री निंबानं हे ऐकलं आणि पहिल्यांदा त्याला पटलंच नाही. ज्या गावात नाल्यातून सुद्धा रंग वाहतो, पलसाण्याच्या मिलांमधून ट्रकच्या ट्रक कापड रोज निघतं, तिथं कापड बघायला कोण तिकीट काढणार, असं तो म्हणाला. पण नुसतं बसायचा पगार आहे हे कळल्यावर त्याचा सूर बदलला. दुसऱ्या दिवशी खात्यात, खडखडाटाच्या वर आवाज काढून, त्यानं सगळ्यांना सांगितलं की आपली बायको खुर्चीवर बसणार. गोडादऱ्यात त्याला सांगावं लागलं नाही, घरात बोलला तेव्हाच सगळ्यांनी ऐकलं होतं. गल्लीतल्या बायका तिला हसत खुर्चीवाली म्हणू लागल्या. ती रागावली नाही. खरं होणार असेल तर चिडवलेलं गोड लागतं.

तिनं सवयही करून बघितली. संध्याकाळी स्वयंपाक झाला की दारात बसायचं, पाठ चौकटीला टेकायची आणि हात मांडीवर ठेवायचे. थोडा वेळ ठीक जायचं. मग लक्ष जरा इकडेतिकडे झालं की उजवा हात गोधडीच्या टाक्याशी जाऊन पोचलेला असायचा. ती त्याला पोराला आणावं तसं परत आणायची. जमेल हळूहळू, असं तिला वाटायचं. एवढी वर्षं हातांनी ऐकलं, आता न करायला सांगितलं तर तेही ऐकतील.

म्युझियम दिवाळीला सुरू होणार होतं. दिवाळी आली आणि छपराचं लाकूड आलं नाही. मग उत्तरायणाला होणार होतं. पतंग उडाले, कटले, तारांना लटकले, आणि कोठीच्या दाराला कुलूपच. ट्रस्टच्या माणसांचं आपसात काही बिनसलं म्हणे. पुढे कधीतरी ठाकोरभाईनं तारीख विचारणाऱ्यालाही शिव्या द्यायला सुरुवात केली. धुरपदाबाई रोज झाडत राहिली. रिकाम्या खोल्या झाडायला काय, धूळ तीच, झाडणारी तीच. एकदा वरच्या कापडाच्या खोलीत खरंच खुर्ची येऊन पडली. लाकडी, वेताच्या बैठकीची, पाठ उभी. तिनं ती रोज पुसली. बसली मात्र नाही. उद्घाटन झाल्याशिवाय बसणं बरं दिसत नाही, आणि शिवाय एकदा बसलं की उठून परत झाडू हातात घेणं जिवावर येईल हे तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात भाद्रपदात तापी चढली. अर्धी सुरत पाण्यात गेली. गोडादऱ्यातही पाणी शिरलं, पण कोठीत तळमजल्यावर कमरेएवढं आलं, आणि नव्या चुन्याच्या भिंती गुळासकट भिजल्या. पाणी ओसरल्यावर गाळ उपसायला पहिली धुरपदाबाई हजर झाली, स्वतःच्या घरातला गाळ तसाच टाकून. निंबा त्यावरून रागावला होता. पण तिला मनातून वाटत होतं, की कोठी बुडाली तर खुर्चीही बुडाली. माणूस आशेला लागलं की असंच होतं, आधी दुसऱ्याचं आवरतं.

कापडं वाचली होती. आधीच वर नेली होती, पण खोलीत ओल धरली होती. तेव्हा कुमुदबेननी ती एकेक करून उन्हाळा सुरू होताना बाहेर काढली आणि लांब टेबलांवर मलमल अंथरून वाऱ्याला ठेवली. या वेळी उद्घाटनाची तारीख पक्की होती. पत्रिका छापून झाल्या होत्या. कुमुदबेनना धड झोप नव्हती, घास नव्हता, सारखे फोन. त्या दिवशी पेट्या आणणारा ट्रक नाक्यावर कुठेतरी अडकला आणि त्यांना स्वतः जावं लागलं. जाताना त्यांनी धुरपदाबाईला वर बसवलं. खिडकी उघडी आहे, कबूतर आत आलं तर हाकला, एवढंच म्हणाल्या. खुर्चीकडे बोट करून म्हणाल्या, बसा.

धुरपदाबाई बसली. खोली थंड होती. खाली चौकात कुणी नव्हतं. पाठ टेकली तशी कमरेतून एक कळ निघाली आणि सावकाश विरून गेली. हात मांडीवर होते. तिला वाटलं, हेच ते. आता मेलं तरी चालेल.

मग तिची नजर समोरच्या टेबलावर गेली. किनखापाचं मोठं कापड होतं. इथंच सुरतेत विणलेलं, फार जुनं, फिरंगी या कोठीत राहत होते तेव्हाचं. एरवी तिनं त्याची सरळ बाजू बघितली होती, सोन्याच्या कोयऱ्या आणि लाल जमीन. आज ओल जावी म्हणून ते उलटं पसरलं होतं. आणि उलट्या बाजूला सगळे दोरे तसेच होते. या कोयरीकडून त्या कोयरीकडे, सैल, लांबलचक, कुणीही न कापलेले.

तिला आधी नवल वाटलं, मग कसंतरी झालं. एवढं मोलाचं कापड, परवावर उद्घाटन, गावोगावचे पाहुणे येणार, आणि माल कच्चा. कुणाच्या हे लक्षात कसं आलं नाही? कुमुदबेनला कुठून येणार, त्या बिचारीला चहा प्यायला फुरसत नाही. उद्या कुणी शहाणा येऊन कापड उलटून बघेल आणि नाक मुरडेल, आणि बोलणी बसतील कुमुदबेनला. व्यापारी अशी साडी तोंडावर फेकतो. हा सगळा विचार तिनं केला असं तिनं मागाहून सांगितलं. पण खरं सांगायचं तर विचार नंतर आला. हात आधी उठला होता.

कटर कमरेला होताच. तिनं पदरानं हात पुसले आणि कामाला लागली. एवढ्या काळात बोटांना असं सुख झालं नव्हतं. जुनी जर मऊ असते, पात्याला नुसती लागली की सुटते. कोयरीच्या अगदी कडेनं, धक्का न लावता, एकेक दोरा ती काढत गेली आणि सवयीनं डाव्या मुठीत गोळा करत गेली. कबूतर आलं असतं तरी तिला कळलं नसतं. अर्ध्याहून जास्त कापड साफ झालं होतं तेव्हा दारात कुमुदबेन उभ्या होत्या.

धुरपदाबाई हसली. झालंच आता, थोडं राहिलं, असं काहीतरी बोललीही.

कुमुदबेन ओरडल्या नाहीत. त्या टेबलाजवळ आल्या, वाकून बघितलं, आणि गुडघे दुखत असताना सरळ जमिनीवर खाली बसल्या. ठाकोरभाई मागोमाग पेटी घेऊन आला. त्याला काय झालं ते नीट कळलं नाही, पण मुठीतली जर दिसली. जुन्या जरीत चांदी असते हे सुरतेत शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तो म्हणाला, लुटायला आलेले शेवटी लुटूनच गेले. आणि या वेळी तो हसला नाही.

धुरपदाबाईला ते वर्मी लागलं. तिनं मूठ उघडली, सगळे दोरे टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले, मग पदर झटकून दाखवला, मग कमरेची पिशवी उलटी करून दाखवली. कुमुदबेननी ठाकोरभाईला हातानंच बाहेर जायला सांगितलं.

“धुरपदाबेन, ये क्या किया?” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढवायला अंगात काही उरलंच नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. हे दोरे असेच राहू द्यायचे असतात. कापड कुठल्या मागावर विणलं, विणकर किती होते, त्यांचा हात कसा होता, ते सगळं उलट्या बाजूला कळतं. सरळ बाजू राजाला दाखवायची असते. आम्ही उलटी बघतो. आणि आता टोकं सुटी झाली, कोयरी आज दिसतेय, पुढे हळूहळू निसटेल. धुरपदाबाई ऐकत उभी राहिली. तिला प्रत्येक शब्द कळला, आणि न कळता तर बरं झालं असतं असं वाटलं. करायला गेली उपकार आणि पदरात पडला अपराध. त्यातही दुखत होतं ते एकच, की काम तिनं उत्तम केलं होतं. तसं साफ काम तिच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं.

“खुर्ची...” एवढंच ती म्हणाली.

कुमुदबेननी मान हलवली. ट्रस्टला सांगावं लागेल, या खोलीत आता तुम्हाला बसवता येणार नाही, झाडायचं काम मात्र कुणी काढणार नाही, ते मी बघते, असं म्हणाल्या. तेवढं त्यांनी खरंच बघितलं. ट्रस्टच्या माणसांसमोर चूक स्वतःवर घेतली, मी सांगितलं नव्हतं म्हणाल्या. धुरपदाबाईला हे मागाहून कळलं, आणि त्याचं ओझं वेगळंच झालं.

घरी तिनं काही सांगितलं नाही. रिक्षात बायकांमध्ये दाटीनं बसून ती लिंबायतला उतरली, तिथून चालत गोडादऱ्याला आली, भाकऱ्या टाकल्या. निंबा जेवताना उद्घाटनाचं विचारत होता, खात्यातल्या लोटू मास्तरला पण बघायला यायचंय म्हणाला. तिनं हूं म्हटलं. तिला फसवायचं नव्हतं. पण सांगायलाही अंगात बळ लागतं. आणि एवढ्या मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाला गुपचूप काही सांगायची सोयच नव्हती. एकदा सांगितलं की गल्लीला कळणार, आणि खुर्चीवाली हे नाव मात्र चिकटून राहणार.

उद्घाटन झालं. त्या दिवशी तिला मागच्या दारानं यायला सांगितलं होतं. फुलं, दिवे, मोठ्या गाड्या, आणि चौकात पडलेले चहाचे पेले. ते तिनं गोळा केले. म्युझियम कसं दिसतं ते तिनं बघितलं नाही, पेले भरपूर होते.

पहिल्या रविवारी सगळ्यांना फुकट होतं. खात्याला सुटी होती. निंबानं पांढरा सदरा घातला, केसांना तेल लावलं आणि तिच्याआधी तयार होऊन दारात उभा राहिला. लोटू मास्तरला ऐनवेळी ताप आला, ही त्यातल्या त्यात देवाची दया. रिक्षात तिनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

कोठीत गर्दी होती. निंबा चित्रांपुढून भराभर पुढे गेला, मूर्तींना नमस्कार केला, आणि जिना चढून कापडाच्या खोलीत आला. किनखाप आता भिंतीवर होतं, काचेमागं, सरळ बाजू पुढे. वरून लावलेल्या दिव्यात कोयऱ्या नुसत्या पेटल्या होत्या. आणि बाजूला वेताच्या खुर्चीत एक पोरगी बसली होती, चैताली नावाची, उधन्याच्या रेल्वेतल्या माणसाची मुलगी, बारावी झालेली. धुरपदाबाईला ती ओळखत होती, कारण सकाळी ती यायच्या आधी हिचा झाडू फिरलेला असायचा.

निंबानं खोलीभर नजर फिरवली. दुसरी खुर्ची दिसेना.

“तुनी खुर्ची कोनती?” त्यानं आपल्या अहिराणीत विचारलं, आणि खोलीतली सगळी माणसं वळून बघू लागली.

“मनी नही ती.”

“कसाले?”

आता पळायला जागा नव्हती. तिनं काचेकडे बोट केलं आणि हलक्या आवाजात सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. तिला परत सांगावं लागलं, आणखी मोठ्यानं, लोकांच्या देखत. “त्या कापडना दोरा मी कापी टाकात. म्हनीसन.”

निंबा काचेजवळ गेला. नाक लागेल इतका जवळ. विणकराची नजर ती, त्यानं कोयरी न् कोयरी तपासली, जमीन तपासली. बघणारे थांबून राहिले होते. त्याला त्यांचं भान नव्हतं.

“कोठे कापात? आठून ते काहीच दिसत नही.”

“मांगली बाजूले.”

“मंग त्यास्ले कशे दिसनं?”

“त्यासनी उलटं करीसन देखं.”

निंबा वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी हिशेब जुळत नसल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याच्या त्या मागाच्या आवाजात म्हणाला, “इतला वरीसमा पहिल्यांदाच कोनीतरी देखं.”

खोलीत कुणी हसलं, त्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय. धुरपदाबाईला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. पण इतके दिवस छातीवर दगडासारखं जे बसलं होतं ते जरा सरकलं. एवढ्या साड्या तिच्या हाताखालून गेल्या, गावोगाव नेसल्या गेल्या, फाटल्या, बोहारणीला गेल्या. त्यांतली एकही कुणी उलटी करून तिच्या हाताकडे बघितली नव्हती. बघितलं ते एकाच बाईनं, आणि ती बघून खाली बसली होती.

चैताली उठून उभी राहिली होती. सकाळपासून ती सगळ्यांशी गुजरातीतच बोलत होती, आता चटकन मराठीत म्हणाली, “मावशी, तुम्ही बसा ना थोडा वेळ. मी पाणी पिऊन येते.”

धुरपदाबाईनं खुर्चीकडे बघितलं. वेत चांगला ताणलेला होता, पुसलेला होता. आदल्या दिवशी तिनंच पुसला होता. मग तिला निंबाचे पाय दिसले. चप्पल सैल करून तो एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता, जन्मभर मागांपुढे घ्यायचा तसा. तिनं त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला खुर्चीत बसवलं. तो नको नको म्हणाला, पण बसला. पाय लांब केले, हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या कोयऱ्यांकडे बघत राहिला.

ती त्याच्या मागे उभी राहिली. सदऱ्याच्या कॉलरपाशी एक दोरा सुटून लोंबत होता, बोटभर लांब. तिला तो आल्या आल्याच दिसला होता. तिनं दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले आणि चैताली परत येईपर्यंत ते तिथंच ठेवले. दोरा तिनं राहू दिला.